मायेचं पाणी आणि नाकातली नळी

बिंदुसरा धरणाच्या काठच्या आमच्या पालीतून, सगळ्या बचत गटांच्या वतीने, आम्ही बोलतोय.

आज जरा अवघड विषय घेतलाय. दवाखान्यातून माणूस नाकात नळी घेऊन घरी आला तर त्याला कसं सांभाळायचं? आणि वजन कमी करण्यासाठी ज्याच्या पोटाचं ऑपरेशन झालंय, त्याच्या बाबतीत काय वेगळं जपायचं? हातातलं काम चालू द्या, पण कान इकडे असू द्या.

हा विषय आमच्या मासिक बैठकीत निघाला तो असा. आमच्या एका सभासदाच्या सासूबाईंना लकवा मारला. पंधरा दिवस दवाखान्यात काढून त्या घरी आल्या, तेव्हा नाकातून पोटात नळी होती. 'तोंडाने काही देऊ नका' एवढं सांगितलेलं होतं. का देऊ नका, ते कुणी समजावलं नव्हतं. दिवस चैत्रातले. म्हातारी हाताने खुणा करायची, पाणी दे, पाणी दे. भेटायला आलेली एक जवळची बाई म्हणाली, "अगं, तहानलेल्या जिवाला पाणी नाही म्हणतेस? कुठं फेडशील हे?" सुनेचं काळीज हललं. तिने वाटीतून चार चमचे पाणी पाजलं. सासूबाईंना साधा ठसकाही लागला नाही. सगळ्यांना वाटलं, उतरलं नीट.

तिसऱ्या दिवशी अंगात ताप भरला, छाती घरघरायला लागली. रात्री गाडी करून बीडला न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, पाणी पोटात गेलंच नाही, फुफ्फुसात गेलं, त्याचा न्यूमोनिया झाला. सासूबाई वाचल्या. पण ती सून आजही बैठकीत हा विषय निघाला की गप्प होते. आमचं तिला एकच सांगणं आहे, दोष तुझा नाही, बाई. तुला कारण सांगितलेलं नव्हतं. म्हणून आज आम्ही आधी कारणच सांगणार आहोत.

आपल्या घशात दोन रस्ते आहेत. पुढचा श्वासनळीचा, तो फुफ्फुसात जातो. मागचा अन्ननळीचा, तो पोटात जातो. दोघांचं तोंड एकाच ठिकाणी. आपण घास गिळतो तेव्हा श्वास क्षणभर थांबतो, श्वासनळीवर झाकण पडतं आणि घास मागच्या रस्त्याने खाली जातो. दिवसातून शेकडो वेळा हे आपोआप होतं. कधी बोलता बोलता चुकलं, तर जोराचा ठसका लागतो. ठसका म्हणजे शरीराने केलेली राखण. चुकून आत गेलेलं ते बाहेर फेकतं.

लकवा झालेल्या, डोक्याला मार लागलेल्या, फार अशक्त झालेल्या किंवा अर्धवट शुद्धीतल्या माणसाचं हे झाकण वेळेवर पडत नाही. त्याहून वाईट म्हणजे पुष्कळांची राखणही झोपलेली असते. पाणी श्वासनळीत उतरतं, पण ठसका लागत नाही. बाहेरून बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. 'खोकला आला नाही म्हणजे नीट गेलं' हे आपलं गणित इथे चुकतं. आणि आपल्याला वाटतं पाणी सगळ्यात हलकं, सगळ्यात सोपं. अशा माणसाला घट्ट पेजेपेक्षाही पातळ पाणी सांभाळायला अवघड असतं, कारण ते भर्रकन घशात उतरतं, झाकणाला वेळच मिळत नाही.

म्हणून डॉक्टर नाकातून नळी घालतात. दवाखान्यात तिला राईल्स ट्यूब म्हणतात. तोंडाचा धोक्याचा रस्ता टाळून अन्न, पाणी, औषध थेट पोटात जावं, यासाठी ती असते.

आता मुंबईची एक गोष्ट आठवून बघा. २०१७ साली टीव्हीवर रोज दाखवत होते. इजिप्त देशातल्या अलेक्झांड्रिया शहरातली इमान अहमद नावाची बाई. वजन जवळजवळ पाचशे किलो, म्हणजे आपल्या मापाने पाच क्विंटल. लहानपणीच तिला झटका येऊन गेलेला, अनेक वर्षं ती घराबाहेर पडलेली नव्हती. ११ फेब्रुवारी २०१७ ला तिला मालवाहू विमानाने मुंबईत आणलं आणि क्रेनने उचलून सैफी रुग्णालयात ठेवलं. डॉक्टर मुफझ्झल लकडावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७ मार्चला तिच्या पोटाचं, म्हणजे जठराचं ऑपरेशन केलं. तिचं खाणंपिणं नळीतून चालू होतं.

एप्रिल महिन्यात तिची बहीण आणि रुग्णालय यांच्यात वाद झाला. बहिणीचं म्हणणं होतं की इमानची तब्येत सांगतात तशी सुधारलेली नाही. रुग्णालयाने ते नाकारलं. त्याच वादात रुग्णालयाने पोलिसांकडे तक्रार दिली, की नळीवर असलेल्या इमानला बहीण तोंडाने पाणी पाजायला गेली आणि त्याने जिवाला धोका होऊ शकला असता. मे महिन्यात इमानला अबू धाबीच्या बुर्जील रुग्णालयात हलवलं. तिथेच २५ सप्टेंबर २०१७ ला ती गेली. वय अवघं ३७. हृदयाचे आणि मूत्रपिंडाचे आजार हे कारण तिथल्या रुग्णालयाने सांगितलं. म्हणजे त्या पाण्याचा आणि तिच्या मरणाचा संबंध कुणी जोडू नये.

त्या वादात कोण खरं, कोण खोटं, हे ठरवणारे आम्ही कोण? पण आम्हाला ती बहीण परकी वाटत नाही. कुठलं इजिप्त आणि कुठली पाली, पण पाण्याची वाटी हातात घेतलेली बाई दोन्हीकडे आहे. एवढ्या मोठ्या रुग्णालयात, नर्सा भोवती असताना हा प्रश्न उभा राहतो, तर आपल्या घरात उभा राहणारच.

आता वजनाच्या ऑपरेशनचं बघू. तुम्ही म्हणाल, ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या जिल्ह्यात हे कुणाला लागतंय? पण आपल्या लेकी-नणंदा पुण्याला, मुंबईला, संभाजीनगरला आहेत. साखर, गुडघे, श्वास यांच्या त्रासाने कुणी हे ऑपरेशन करून घेतं आणि विश्रांतीला माहेरी येतं. मग तिचं जेवणखाण आपल्याच हातात येतं.

या ऑपरेशनच्या एका प्रकारात जठराचा साधारण तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात. पिशवीसारखं पोट केळ्यासारखं चिंचोळं उरतं. सुरुवातीला त्यात जेमतेम अर्धा कप मावतं. दुसऱ्या प्रकारात लहानशी थैली करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्हींत आतून लांब शिवण असते. पहिले काही आठवडे ही शिवण ओली असते. शिवणीतून गळती झाली तर पोटातलं पाणी-अन्न बाहेर सांडतं आणि विष पसरायला लागतं.

म्हणून अशी लेक घरी आली, की "बाळंतिणीसारखी वाळून गेलीस, घे अजून एक वाटी" असा आग्रह करायचा नाही. आधी फक्त पातळ, मग घोटलेलं, मग मऊ, असा क्रम डॉक्टर लिहून देतात. तोच पाळायचा. घोट घोट प्यायचं, गटागटा नाही. जेवताना पाणी नाही, मध्ये वेळ सोडून प्यायचं. पोट भरल्यासारखं वाटलं की तिथेच थांबायचं.

आणि ही लक्षणं लक्षात ठेवा: बसल्या जागी नाडी जोरात धावणं, ताप, पोटात वाढत जाणारी कळ, डाव्या खांद्यात दुखणं, धाप लागणं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत यातलं काही दिसलं तर 'गॅस झाला असेल' म्हणून ओवा देत बसू नका. पोट मऊ लागलं, तरी फसू नका. ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तिथे फोन करा आणि निघा.

दुसरी गोष्ट उलट्यांची. उलट्या थांबत नसल्या की आपण गावातच सलाईन लावून घेतो. वजनाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला दिवसेंदिवस उलट्या होत असतील, तर अंगातलं बी-वन नावाचं जीवनसत्त्व संपत येतं. अशा वेळी ते न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं, तर मेंदूला इजा होऊ शकते. एकाचे दोन दिसणं, चालताना तोल जाणं, असंबद्ध बोलणं ही त्याची खूण. सलाईन लावणाऱ्याला आधी सांगायचं, "हिचं वजनाचं ऑपरेशन झालंय, उलट्या आहेत, बी-वनचं बघा." एवढं एक वाक्य पाठ करा.

तिसरी गोष्ट दुखण्याच्या गोळीची. किराणा दुकानातून आणलेली आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी गोळी अशा पोटात जखम करू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही.

आता नळीकडे येऊ. नळी कुणालाही असो, म्हातारीला लकव्यासाठी किंवा ऑपरेशननंतर आजारी पडलेल्या लेकीला, घरच्या बाईने रोज काय करायचं ते सांगतो.

दवाखान्यातून निघताना नाकापाशी नळीवर कुठली खूण आहे ते बघून घ्या. पेनाने रेघ मारून घ्या आणि आकडा कागदावर लिहून ठेवा. प्रत्येक वेळी भरवण्याआधी ती रेघ जागेवर आहे का ते बघा. रेघ बाहेर आली असेल, तर नळी सरकली आहे. तोंड उघडून बघा, नळीचं वेटोळं घशात तर जमलं नाही ना? चिकटपट्टी सुटली नाही ना? दवाखान्यात पिचकारीने पोटातलं पाणी ओढून बघायला शिकवलं असेल, तर तसं बघा. नळीत हवा मारून पोटावर आवाज ऐकायचा किंवा टोक पाण्यात बुडवून बुडबुडे बघायचे, या जुन्या युक्त्यांवर भरवसा ठेवू नका. नळी श्वासनळीत असूनही त्या फसवतात. शंका आली तर भरवायचं नाही. एक वेळ उपास घडला तरी चालेल. फुफ्फुसात गेलेलं जेवण मात्र परत काढता येत नाही.

भरवताना माणूस कधीही आडवा नको. पाठीमागे गोधड्या, उशा लावून निदान अर्धवट बसतं करा. भरवून झाल्यावरही अर्धा ते एक तास तसंच ठेवा. आडवं पडलं की पोटातलं वर येतं आणि घशातून श्वासनळीत उतरतं. भरवून लगेच कूस बदलायची, लगेच अंग पुसायला घ्यायचं, ही घाई टाळा. ही कामं भरवण्याआधी उरका.

हात साबणाने धुवा. अन्न गाळून घ्या, कोमट ठेवा. पिचकारीचा दट्ट्या काढून नुसती नळकांडी लावा, थोडी उंच धरा आणि अन्न आपल्या ओघाने जाऊ द्या. दट्ट्याने जोर लावून ढकलू नका. पंधरा-वीस मिनिटं तरी लागू द्या. आधी आणि नंतर थोडं स्वच्छ पाणी सोडून नळी धुवा, नाहीतर ती चोंदते. केलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवून भरवू नका. सगळ्याच गोळ्या कुटून नळीतून देता येत नाहीत, म्हणून प्रत्येक गोळीचं विचारून घ्या. आणि किती द्यायचं, ते कागदावर लिहिलेलं तेवढंच. शेजारच्या म्हातारीला एका वेळी ग्लासभर देतात म्हणून वजनाचं ऑपरेशन झालेल्या लेकीला तेवढं देऊ नका. तिच्या पोटात जागाच नाही. ते वर येईल, नाहीतर शिवणीवर ताण देईल.

भरवता भरवता खोकला आला, श्वास जोरात व्हायला लागला, ओठ निळसर दिसले, आवाज ओला-घरघरीत झाला किंवा उलटी झाली, तर लगेच थांबा. नळीचं तोंड बंद करा. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा, तोंडातलं बाहेर येऊ द्या आणि १०८ ला फोन लावा.

नळी निघाली तर? रात्री झोपेत हात लागतो, पोर ओढतं, निघते कधीकधी. घाबरू नका, पण घरी परत घालूही नका. गावातल्या कुणाला 'येतं' म्हणून घालायला लावू नका. नुसत्या अंदाजाने घातलेली नळी श्वासनळीत जाऊ शकते. आणि वजनाचं ऑपरेशन झालेल्या माणसाच्या बाबतीत तर हे अजिबात करायचं नाही. तिथे पोटाचा आकार बदललेला असतो, शिवण असते. आंधळेपणाने ढकललेली नळी त्या शिवणीला भोक पाडू शकते. अशा माणसाची नळी दुर्बिणीतून किंवा एक्स-रेखाली बघून, जाणत्या डॉक्टरानेच घालायची असते. मोठ्या दवाखान्यात गेलात तरी नर्सने नळी हातात घेण्याआधी सांगा, "हिच्या पोटाचं ऑपरेशन झालंय."

काहींना नाकाऐवजी पोटावर भोक पाडून नळी बसवलेली असते. ती निघाली, तर भोक काही तासांतच बुजायला लागतं. उद्या सकाळी बघू, म्हणू नका. भोकावर स्वच्छ कापड ठेवा, निघालेली नळी पिशवीत घ्या आणि त्याच वेळी निघा. आपल्याकडे बीडला जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे.

आता श्वास अडकला तर काय करायचं? माणूस शुद्धीत आहे, पण बोलता येत नाही, खोकताही येत नाही, हाताने गळा धरतोय. त्याला पुढे वाकवा आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरकस थापा द्या. निघालं नाही, तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवा आणि आत-वर असे पाच झटके द्या. गरोदर बाई असेल किंवा माणूस इतका जाड असेल की कवेत मावत नाही, तर पोटावर नको, छातीच्या मधल्या हाडावर झटके द्या. आळीपाळीने चालू ठेवा, तोवर दुसरीने १०८ लावायचा. शुद्ध हरपली आणि श्वास थांबला, तर जमिनीवर उताणं झोपवा आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, भराभर दाबत राहा, गाडी येईपर्यंत. शुद्ध नाही पण श्वास चालू आहे, तर कुशीवर वळवा, म्हणजे जीभ मागे पडणार नाही आणि ओकारी आत जाणार नाही. आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. कांदा नको, चप्पल नको, चमचाही नको.

फार जाड माणसाला उताणं झोपवलं की त्याचा श्वास लवकर कोंडतो. रात्री मोठ्याने घोरणारी, घोरता घोरता श्वास थांबून दचकून उठणारी माणसं असतात, त्यांना हा धोका जास्त. अशा माणसाला धाप लागली असेल, तर गाडीतही टेकवून बसतं न्या. १०८ वर आणि दवाखान्यात पोचल्यावर सांगा: वजनाचं ऑपरेशन झालंय का, कोणतं, कधी, रात्री घोरतो का, शेवटचं खाल्लं-प्यालं कधी. बेशुद्ध करून श्वासाची नळी घालावी लागली, तर डॉक्टरांना ही माहिती फार उपयोगी पडते. पुढे कधी बाळंतपणात, अपेंडिक्सला ऑपरेशन करायची वेळ आली तरी हेच सांगायचं.

आम्ही आमच्या गटात एक काम सुरू केलंय. ज्या घरात असा रुग्ण आहे, तिथे एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून खाटेच्या डोक्याशी लावतो: 'तोंडाने काही देऊ नये. नळीची खूण अमुक आकड्यावर. ऑपरेशन अमुक तारखेला. दवाखान्याचा फोन अमुक.' भेटायला येणाऱ्यांना सुनेने तोंडाने नाही म्हणायचं म्हणजे ती वाईट ठरते. पाटीने नाही म्हटलं की तिला वाईटपणा येत नाही. आणि गटातल्या दोघी जणी आळीपाळीने दुपारी तासभर तिथे बसतात, म्हणजे त्या घरच्या बाईला अंघोळ, झोप, शेताचं काम होतं.

राहिली तहान. तहान तर लागतेच, आणि ती बघवत नाही, हेही खरं. मग काय करायचं? नळीतून पाणी किती वाढवता येईल ते डॉक्टरांना विचारा. अंगात पाणी पुरेसं गेलं की तहान कमी होते. तोंडाची कोरड घालवायला स्वच्छ कापडाचा बोळा ओला करून, नीट पिळून, ओठ, जीभ, हिरड्या पुसा. पिळायचं विसरू नका, थेंब घशात जाता कामा नये. दिवसातून दोन-तीनदा तोंड असं स्वच्छ ठेवलं, तर न्यूमोनियाचा धोकाही कमी होतो, कारण लाळेबरोबर घाण आत जात नाही. आणि डॉक्टरांना विचारत राहा, "गिळण्याची तपासणी कधी करायची?" पुष्कळांचं गिळणं हळूहळू परत येतं. तपासणी करून डॉक्टर हो म्हणाले, की पहिला घोट आपल्याच हाताने पाजायचा.

आपल्या भागात पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको. दारी आलेल्याला आपण आधी तांब्या देतो. जाणाऱ्याच्या मुखातही शेवटचं पाणी घालतो. म्हणून नाही म्हणताना हात थरथरतो. पण नळी असलेल्या माणसाला तोंडाने पाणी न देणं म्हणजे पाणी नाकारणं नाही. पाणी नळीतून जातंच आहे, फक्त त्याचा रस्ता बदललाय.

आमच्या त्या सभासदाच्या सासूबाईंची नळी पुढे तपासणी करून निघाली. आता त्या भाकरी दुधात कुस्करून स्वतःच्या हाताने खातात. गेल्या बैठकीला सूनबाई म्हणाली, "हे सगळं रेडिओवर सांगा. माझं नाव नको, पण सांगा." म्हणून सांगितलं.

येत्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की दहा मिनिटं या विषयाला द्या. आपल्या गावात नळी लावलेलं कोण आहे, वजनाचं ऑपरेशन होऊन माहेरी कोण आलंय, ते विचारा. त्या घरी पुठ्ठ्याची पाटी लावून या. १०८ हा आकडा चुलीपाशी भिंतीवर लिहा.

पुन्हा भेटूच. राम राम.